टोकियोत पाहुणे येताहेत? या चुका टाळा

साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, हंगाम आला की टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या आपल्या भारतीय लोकांकडे पाहुण्यांची रीघ लागते. आठवडाभर जेवणं, भेटीगाठी, भटकंती. आणि दरवर्षी नव्याने आलेली मंडळी त्याच त्या चुका करतात. पाहुणे आठव्या दिवशी विमानात बसतात, पण आपल्याला याच गल्लीत राहायचं असतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

बुकिंगमधला आकडा 'अंदाजे' देणं. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याने जवळच्या छोट्या इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या दुकानात, आठ जणांचं 'कोर्स' जेवण (ठरलेले पदार्थ एकामागून एक येतात ते) सांगितलं होतं. दुकान नवरा-बायको मिळून चालवतात, दहा-बारा माणसं बसतील एवढीच जागा. पाहुणे असाकुसात खरेदीत रमले, तिघांनी हॉटेलवर परत जायचं ठरवलं, आणि उरलेले पाच जण पाऊण तास उशिरा पोहोचले. टेबलावर आठ ताटल्या, आठ ओल्या रुमालांच्या घड्या मांडून ठेवलेल्या. मालक काहीच बोलला नाही. पाच जणांचे पैसे घेतले, वाकून निरोप दिला. त्यानंतर त्या जोडप्याने जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा नेमकी त्या दिवशी जागा नसायची.

मी त्या जोडप्यातल्या नवऱ्याला म्हटलं, मिठाईचा डबा घेऊन जा, तिघांचे पैसे दे, माफी माग. तर म्हणाला, "ताई, पण ते काही बोलले नाहीत ना!" अहो, ते बोलणारच नाहीत. कोर्सचे मासे आणि भाज्या त्या दिवशी माणसं मोजून आणलेल्या असतात. छोट्या दुकानाची त्या रात्रीची कमाईच बुडते.

मी स्वतः काय करते? पाहुण्यांना दोन दिवस आधी शेवटचं विचारते. 'बघू' म्हणणाऱ्याला मोजत नाही. आदल्या दिवशी दुकानात फोन करून आकडा पक्का करते. तरीही कुणी गळालंच तर पूर्ण पैसे देते, त्यावर घासाघीस नाही. आणि बसल्याबरोबर न मागवताच समोर ठेवली जाणारी खाण्याची छोटी वाटी म्हणजे ओतोशी. बिलात तिचे तीन-चारशे येन लागतात, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे बिलावरून वाद होत नाही.

शाकाहारी पाहुण्यांना 'मासे नकोत' एवढ्यावर सोडणं. समोर मासा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं इथे नसतं. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, आगेदाशी तोफू (तळलेला तोफू), सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठीचं मूळ पाणी, असते आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाची. टेबलावर बसल्यावर मोबाइलवरून भाषांतर दाखवणाऱ्यांचा मला राग येतो. स्वयंपाकघरात दाशी सकाळीच तयार झालेली असते, ऐनवेळी आचारी बिचारा काय करणार? बुकिंग करतानाच सांगा: मांस, मासे, अंडं नको आणि माशाची दाशीही नको. दुकानवाले नाही म्हणाले तर आभार मानून दुसरं ठिकाण शोधा. बौद्ध मंदिरांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, मिळालं तर उत्तमच, त्यात कांदा-लसूणही नसतो. मात्र कंदमुळं असतात, जैन पाहुण्यांना तेवढं सांगा.

सगळ्यांसाठी जेआर पास घ्यायला निघणं. जपानभर रेल्वेने फिरण्याचा हा पास पर्यटक म्हणून आलेल्यांसाठी आहे. निवासी व्हिसावर राहणाऱ्या आपल्याला तो मिळत नाही. शिवाय ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून 50,000 येन झाला. फक्त क्योतोला जाऊन यायचं असेल तर सुटी तिकिटं बरीच स्वस्त पडतात. आधी बेरीज करा, मग पास.

मोठ्या बॅगा तशाच शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, चढवणं. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर टोकियो-क्योतोच्या तोकाइदो मार्गावर मोठ्या सामानासाठीची सीट आधी राखून ठेवावी लागते. मी तर बॅगा ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान घरपोच करणाऱ्या कुरिअरने, आदल्या दिवशीच पुढे पाठवते.

बाकीचं थोडक्यात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. मिताकाच्या घिबली (ॲनिमेशनपटांच्या) संग्रहालयाचं तिकीट दारात मिळत नाही, पुढच्या महिन्याची विक्री 10 तारखेला सुरू होते. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, तो अंत्यविधीचा रिवाज आहे. टिप ठेवू नका. क्योतोत गिओनच्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, तिथे 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत. पाहुण्यांनी पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा, तसा कायदाच आहे. रात्री बाराच्या सुमारास शेवटची गाडी सुटली की पहाटे पाचच्या आसपासपर्यंत टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही.

आणि एका दिवसात निक्को, येताना अकिहाबारा, रात्री शिंजुकूत जेवण, असले बेत आखू नका. असाकुसाहून निक्कोला जायलाच जवळपास दोन तास लागतात, वर तिथल्या तोशोगू देवस्थानाच्या पायऱ्या. ज्येष्ठ मंडळी थकतात, मग रात्रीचं बुकिंग हमखास चुकतं. निक्कोच्या दिवशी मी बाहेर काहीच ठरवत नाही. घरी मुगाची खिचडी.