कोकणात नर्सची नोकरी धरताना पगाराआधी ड्युटीची यादी बघा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे नोकरी शोधणारे आधी पगार विचारतात. विचारावाच. पण त्याच बैठकीत वॉर्डाची गेल्या महिन्याची ड्युटी-यादी बघायला मागा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, अध्यापन रुग्णालयात तीनामागे एक आणि आयसीयूत एकास एक असं आहे. प्रत्यक्षात रात्री तीस खाटांना एक सिस्टर आणि एक मावशी, हे दृश्य काही नवलाचं नाही. म्हणून ‘एकूण स्टाफ किती’ या प्रश्नाला अर्थ नाही. रात्री वॉर्डात किती जण असतात, कोणी आजारी पडलं तर कोण येतं, सलग किती नाईट लागतात आणि त्यानंतर ऑफ किती मिळतात, हे विचारा.

माणसं कमी असली की काम नेमकं कुठे बिघडतं, ते फुरसं हा विषारी साप चावलेल्या पेशंटवरून कळतं. रक्त गोठतंय का हे पाहायला कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही, निकाल चुकतो. एकटी सिस्टर मधेच सलाईन बदलायला धावली की ट्यूबला कोणाचा तरी धक्का लागतो, नाहीतर वीस मिनिटांची चाळीस होतात. पुढे सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) द्यायची वेळ आली की सुरुवातीला दहा वायल, म्हणजे छोट्या बाटल्या. पावडरची असेल तर प्रत्येक वायल दहा मिली पाण्यात हळूहळू फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो. दहा वायल होईस्तोवर हात अडकलेले, रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून शेजारी तयार हवं, आणि लस सुरू झाल्यावर रिॲक्शन येते का ते बघायला पेशंटजवळून हलायचं नाही. बाकीचे एकोणतीस पेशंट तोवर देवाच्या भरवशावर.

भातलावणीनंतर येणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) पेशंटचंही तेच. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलीपेक्षा लघवी कमी झाली तर डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं. पण हात कमी असले की इनटेक-आऊटपुटचा (शरीरात किती पाणी गेलं, किती लघवी झाली याचा) चार्ट पहाटे एकदम, अंदाजाने भरला जातो. त्याला आळस म्हणू नका, ते यादीतलंच गणित आहे. मुलाखतीला गेलात की जमल्यास एखादा चार्ट बघा. सगळे आकडे एकाच शाईत, एका दमात लिहिलेले दिसले तर समजून जा.

ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ड्युटीचा ताबा, खाटेजवळ उभं राहून घ्या, टेबलावर वही पुढे करून नको. पेशंट, चालू सलाईन, राहिलेली औषधं, पाठवलेल्या तपासण्या, याच क्रमाने. जुलैत एसटी उशिरा येते आणि आठची ओव्हर पावणेनऊला होते. ओव्हर देणारी तोवर घड्याळाकडे बघत असते, निम्मं विसरते. म्हणून राहायची सोय चालत जाण्याइतकी जवळ शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

रजेचा खरा घोळ गणपतीत. स्थानिक सगळ्यांनाच घरी जायचं असतं, आणि नेमके तेव्हाच हायवेवरचे अपघात वाढतात. शिवाय मुंबईहून आलेला मुलगा वर्षभर अंगावर काढलेलं आईचं दुखणं दाखवायला त्याच आठवड्यात आणतो. भाद्रपदाची यादी आषाढातच इनचार्ज सिस्टरकडून ठरवून घ्या: गणपती ज्याला मिळाला, त्याने शिमग्याला ड्युटी करायची. तोंडी ठरलेलं टिकत नाही, रजेच्या वहीत लिहून सही घ्या.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बी चे तीन डोस पूर्ण करा: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेली सुई टोचली तर बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि इनचार्जला सांगून नोंद करा. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर ते देत नाहीत. रात्री त्या औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.