कार्यालयाचा वार्षिक प्रशिक्षण आराखडा कसा तयार करावा

प्रशिक्षण संस्थेकडून नामनिर्देशनाचे पत्र येते, आस्थापना शाखा त्या आठवड्यात कोणाला मोकळे करता येईल ते पाहते आणि त्याचे नाव कळवते, ही पद्धत बहुतेक शासकीय कार्यालयांत इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही चुकते असे कोणाला वाटत नाही. परिणामी ज्याला विषयाची गरज आहे तो कामाच्या व्यापामुळे टेबलावरच राहतो, तर ज्याच्या कार्यासनाशी (नेमून दिलेल्या कामाच्या टेबलाशी) विषयाचा संबंध नाही तो प्रमाणपत्र घेऊन परततो. हे बदलण्यासाठी मोठा निधी लागत नाही. वर्षाच्या आरंभी कार्यालयप्रमुखाने आणि आस्थापना शाखेने काही दिवस नेटाने बसून आराखडा तयार करावा लागतो. महाराष्ट्रातील तालुका किंवा जिल्हा स्तरावरील कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून तो कसा करावा, ते येथे सांगितले आहे.

सुरुवात अभ्यासक्रमांच्या यादीपासून करू नये. आधी कामात कोठे अडते ते शोधावे, आणि त्यासाठी वेगळी प्रश्नावली वाटण्याचीही आवश्यकता नसते, कारण पुरावा कार्यालयातच पडून असतो. लेखापरीक्षणातील पुन्हा पुन्हा येणारे आक्षेप, वरिष्ठ कार्यालयाने त्रुटीपूर्तीसाठी परत पाठवलेले प्रस्ताव, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत उलटलेले अर्ज आणि माहिती अधिकारातील प्रथम अपिले, एवढी चार गाठोडी उघडून पाहिली तरी गरजांचे चित्र पुरेसे स्पष्ट होते.

माहिती अधिकाराचेच उदाहरण घेऊ. एखाद्या कार्यालयात प्रथम अपिले वाढली, तर “सर्वांना माहिती अधिकाराचे प्रशिक्षण द्यावे” असा शेरा मारून थांबू नये. त्या अपिलांच्या नस्त्या (फाइली) एकेक करून वाचाव्यात. काही प्रकरणांत माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असल्याचे आढळेल आणि माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार असा अर्ज ५ दिवसांत हस्तांतरित करावयाचा असताना तो आवक शाखेतून फिरत राहिलेला दिसेल. हा नियम ठाऊक नसल्याचा दोष आहे आणि तो तासाभराच्या बैठकीत दूर होतो. काही प्रकरणांत “माहिती देता येत नाही” एवढेच कळवलेले असेल. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे, हे त्या उत्तरात कोठेच नसेल. येथे नियम सांगून भागत नाही. सकारण उत्तर लिहिण्याचा सराव द्यावा लागतो. उरलेल्या प्रकरणांत मूळ कागदच सापडला नाही म्हणून उत्तराची ३० दिवसांची मुदत निघून गेलेली असेल. या शेवटच्या गटाला प्रशिक्षणाचा फारसा उपयोग नाही, कारण तेथे अभिलेख कक्षाचे वर्गीकरण रखडलेले आहे आणि त्यासाठी माणसे व दिवस राखून ठेवावे लागतील. अपिले एकाच विषयाची असली तरी तिन्ही गटांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि हा भेद न केल्यास रिक्त पदे, बंद संगणक किंवा अस्पष्ट कार्यवाटप यांचा भारही प्रशिक्षणावर टाकला जातो.

दोष असे वेगळे झाले की कार्यासननिहाय तक्ता करावा. प्रत्येक कार्यासनासमोर तेथील मुख्य कामे, त्यांसाठी लागणारे ज्ञान व कौशल्य, आणि आज त्यातील काय कमी पडते, एवढे तीन रकाने पुरेत. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगी या कर्मचाऱ्यांच्या क्षमता वाढवण्याच्या कार्यक्रमात क्षमतांची वर्तनविषयक, कार्यात्मक आणि विषयक्षेत्रीय अशी विभागणी केलेली आहे. ती येथे उपयोगी पडते, कारण आपल्याकडे नियमांचे ज्ञान म्हणजेच सर्व क्षमता असे धरले जाते आणि खिडकीवर आलेल्या नागरिकाशी बोलण्याचे, बैठकीचे इतिवृत्त नेमके लिहिण्याचे किंवा तक्त्यातील आकडे पडताळण्याचे कौशल्य हिशेबातच राहत नाही. तक्ता भरताना त्या कार्यासनावरील कर्मचाऱ्याला समोर बसवून विचारावे. जे काम तो दुसऱ्याकडून करून घेतो किंवा सारखे पुढे ढकलतो, तेथे बहुधा खरी गरज दडलेली असते. मात्र ही चर्चा कार्यमूल्यमापन अहवालाशी जोडली जाणार नाही, असे त्याला आधीच स्पष्ट सांगावे, अन्यथा कोणीही आपली उणीव उघड करणार नाही.

यानंतर कोणती गरज कोठे भागवायची ते ठरवावे. कायदा, कार्यपद्धती, सायबर सुरक्षा असे विषय समजून घेण्यासाठी आयगॉट कर्मयोगी या शासकीय ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम सोयीचे आहेत, कारण ते भ्रमणध्वनीवरही आपल्या सवडीने पूर्ण करता येतात. तथापि त्यासाठी कार्यालयीन वेळेतील ठरावीक तास राखून द्यावेत. घरी जाऊन करा असे सांगितले की चित्रफीत चालू राहते आणि शिकणे होत नाही. पायाभूत प्रशिक्षण, पदोन्नतीनंतरचे प्रशिक्षण आणि ज्या विषयांत इतर जिल्ह्यांतील अनुभवांची देवाणघेवाण हवी असते ते विषय यशदा, पुणे या राज्याच्या शिखर प्रशिक्षण संस्थेकडे किंवा विभागीय व जिल्हा स्तरावरील प्रशिक्षण संस्थांकडे सोपवावेत. उरलेल्या, आणि माझ्या मते सर्वाधिक महत्त्वाच्या, गरजा कार्यालयातच भागवाव्यात.

कार्यालयातील सत्र एका नस्तीभोवती बांधावे. निकाली निघालेली एखादी नस्ती घेऊन त्यातील व्यक्तींची नावे झाकावीत, फक्त पत्रव्यवहाराची बाजू (मूळ टिपणी वगळून) सर्वांना द्यावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र टिपणी लिहावयास सांगावी. विषय काय, वस्तुस्थिती काय, कोणता नियम किंवा शासन निर्णय लागू होतो, कोणते पर्याय आहेत आणि कोणता आदेश अपेक्षित आहे, या क्रमाने लिहिलेल्या टिपण्या शेजारी ठेवून वाचल्या की कोणी जुन्या शासन निर्णयाचा आधार घेतला, कोणी वस्तुस्थितीतच मत मिसळले, हे न सांगता दिसते. शेवटी मूळ टिपणी दाखवावी आणि तीही तपासू द्यावी. असे सत्र अनुभवी अव्वल कारकुनाने किंवा नायब तहसीलदाराने घ्यावे. निवृत्तीला एक-दोन वर्षे राहिलेल्यांना “आता प्रशिक्षण कशाला” म्हणून बाजूला ठेवले जाते, ही मोठी चूक आहे. त्यांना शिकवण्याची जबाबदारी दिल्यास त्यांच्या डोक्यातील कार्यालय पुढच्या पिढीकडे जाते. अनुकंपा तत्त्वावर नुकत्याच रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला तर पहिल्या काही महिन्यांत अशा एका ज्येष्ठाशी लेखी आदेशाने जोडून द्यावे. शिपाई आणि वाहनचालक यांनाही आराखड्यात स्थान असावे, कारण नागरिकाची पहिली गाठ पुष्कळदा त्यांच्याशीच पडते.

नामनिर्देशनाच्या आदेशातच त्या काळातील कार्यभार कोणाकडे राहील ते नमूद करावे. कार्यभाराची सोय न करता पाठवलेला कर्मचारी वर्गात बसून दूरध्वनीवर कार्यालयच चालवत असतो. निवासी प्रशिक्षण असल्यास लहान मुले किंवा आजारी पालक सांभाळणाऱ्यांना पुरेशी आधी सूचना द्यावी. विशेषतः महिला कर्मचाऱ्यांची नावे परस्पर वगळण्याची सवय सोडून त्यांना तारखांचा पर्याय विचारावा.

प्रशिक्षण संपल्यावरचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: प्रशिक्षणार्थीला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वर्तन बदलले का, आणि संस्थेला त्याचा परिणाम मिळाला का. आपल्याकडे अभिप्रायाचा नमुना भरून घेतला जातो आणि पहिल्या स्तरावरच काम थांबते. कर्मचारी परतल्यावर आठवडाभरात त्याने शिकलेले सहकाऱ्यांपुढे मांडावे आणि आपल्या कार्यासनावर काय बदलणार ते दोन-तीन ओळींत लिहून द्यावे. तीन महिन्यांनी त्याच्या नस्त्या काढून तो बदल तपासावा. वर सांगितलेल्या उदाहरणात कलम ७(८) प्रमाणे परिपूर्ण असलेली नकाराची उत्तरे किती, एवढे मोजले तरी पुरते. पूर्ण झालेल्या प्रशिक्षणाची नोंद ठेवावी आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे कार्यासन लगेच बदलू नये.

वेळापत्रक आखताना मार्चअखेरचा काळ आणि विधिमंडळ अधिवेशनाचे आठवडे टाळावेत. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, म्हणून आराखडा व्यक्तीच्या नावाने न करता कार्यासनाच्या नावाने करावा आणि नावे जूनमध्ये भरावीत. त्याच सुमारास बदली झालेल्या प्रत्येकाकडून प्रलंबित प्रकरणे, चालू मुदती, वापरात असलेले शासन निर्णय आणि नेहमी होणाऱ्या चुका यांचे हस्तांतरण टिपण कार्यमुक्त करण्यापूर्वी घ्यावे. नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ म्हणून ते त्याच्या हाती द्यावे आणि त्यावर प्रश्न विचारण्यासाठी आधीच्या कर्मचाऱ्याबरोबर किमान एक दिवस बसण्याची सोय करावी.