जुन्या वळणाचा इंग्रजी होकार: ‘येय’ कसा वाचावा आणि कुठे वापरावा

जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना होकारासाठी वाय, ई, ए या तीन अक्षरांचा एक शब्द वारंवार भेटतो. त्याचा उच्चार ‘डे’ आणि ‘से’ यांच्याशी यमक जुळेल असा, म्हणजे ‘येय’ असा करावा. बहुतेक वाचक त्याला ‘यस’चे जुने रूप समजून पुढे जातात आणि तेथेच अर्थ निसटतो, कारण हे दोन शब्द काही शतके शेजारी नांदत होते आणि त्यांची कामे वेगवेगळी होती.

साधारण सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत होकाराचे दोन आणि नकाराचे दोन शब्द होते. सरळ प्रश्नाला ‘येय’ किंवा ‘ने’ असे उत्तर देत. प्रश्नातच नकार असेल तर ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणत. ‘तो आला का?’ या प्रश्नाला ‘येय’ शोभे, पण ‘तो आला नाही का?’ असे विचारल्यावर तो आला आहे हे सांगायला ‘यस’च लागे. मराठी माणसाला हा भेद समजायला जड जाऊ नये, कारण पहिल्या प्रश्नाला आपण ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘आला की!’ म्हणतो, आपला हा ‘की’ जे काम करतो, तेच तेव्हाचा ‘यस’ करीत असे. फ्रेंचमधील ‘सी’ आणि जर्मनमधील ‘डोख’ हे शब्द ते काम आजही करतात. 1530च्या दशकात इंग्रज विद्वान व मुत्सद्दी थॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना ‘नो’ आणि ‘ने’ यांची गल्लत केल्याबद्दल दोष दिला होता. मात्र तोवर हा भेद बोलण्यातून विरत चालला होता, आणि पुढे ‘यस’ने दोन्ही जागा घेतल्या.

याहून अधिक चकवणारा उपयोग वेगळाच आहे. आधी कोणताही प्रश्न नसताना हा शब्द वाक्याच्या आरंभी किंवा मध्ये आला, तर तो होकार नसतो. ‘त्याने शेत विकले, येय, राहते घरही विकले’ अशा रचनेत तो आधीच्या विधानाला चढ देतो, म्हणून भाषांतर करताना तेथे ‘होय’ न लिहिता ‘किंबहुना’ किंवा ‘इतकेच नव्हे तर’ असे लिहावे. 1611 च्या इंग्रजी बायबलमधील तेविसाव्या स्तोत्राची चौथी ओवी याच शब्दाने सुरू होते, आणि तेथेही तो कोणाला उत्तर देत नसून पुढच्या विधानाला जोर देतो. ‘चांगला, नव्हे, उत्तम’ या रचनेतला आपला ‘नव्हे’ म्हणजे त्यांचा ‘ने’. एरवी एकमेकांविरुद्ध असलेले हे दोन शब्द येथे जवळजवळ एकच काम करतात, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

आज हा शब्द औपचारिकपणे टिकला आहे तो मुख्यतः मतदानात. उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास अनुकूल व प्रतिकूल मते सभागृहाच्या कामकाजात नोंदवावीत, असे अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत म्हटले आहे, आणि त्या मतांसाठी तेथे ‘येय’ आणि ‘ने’ यांचीच अनेकवचने वापरली आहेत. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मात्र ‘आय’ आणि ‘नो’ म्हणतात. हा ‘आय’ वेगळा शब्द असून स्कॉटलंडमध्ये तो रोजच्या बोलण्यात आहे. नौदलात तो दोनदा उच्चारला की ‘हुकूम समजला, तो पाळतो’ असा अर्थ होतो, नुसता होकार नव्हे.

लिहिताना स्पेलिंग जपावे. शेवटी एच जोडला की तो बोलीतला ‘येअ’ होतो, आणि वाय, ए, वाय असे लिहिले की आनंदाचा उद्गार होतो. या उद्गाराचा उच्चार ‘येय’सारखाच असल्याने घोटाळा वाढतो. मित्राला सहज होकार कळवायचा असेल, तर एच असलेले रूपच लिहावे. स्वतःच्या गद्यात जुना ‘येय’ आणायचा असेल, तर जुन्या काळातील पात्राच्या तोंडी किंवा गंभीर, चढत्या वाक्यात एखाद्याच वेळी आणावा, कारण साध्या पत्रात तो वेशभूषेसारखा वेगळा उठून दिसतो.

अमेरिकी बोलीत तो आणखी एका ठिकाणी ऐकू येतो: हाताने उंची दाखवत ‘येय हाय’ म्हणतात, म्हणजे ‘एवढा उंच’. येथे अर्थ हाताच्या खुणेत असतो, त्यामुळे ही खूण न दिसणाऱ्या वाचकासाठी हा प्रयोग लिहू नये.