कोल्हापुरात नवीन आलाय, प्रोजेक्टात यायचंय, पण विचारायचं कुठं?

मी मूळचा परभणीचा. २०१३ ला नोकरीसाठी इथं आलो, दोन वर्षं काढू आणि जाऊ म्हणत म्हणत राहिलोच, आता घरी फोन केला की आई म्हणते तुझी भाषाच बिघडली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बाहेरगावची पोरंपोरी इथं येतात, कोण कॉलेजला, कोण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कोण पुण्याचं भाडं परवडेना म्हणून लॅपटॉप घेऊन, आणि त्यातले दोनचार आमच्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टात पण येतात. रूम कुठं बघू, मेस कुठली, हे त्यांचं ते शोधतात. पण "प्रोजेक्टवर बोलायचं कुठं, व्हॉट्सअ‍ॅपवर का झुलिपवर, आणि डिस्कॉर्ड का नाही" (झुलिप, डिस्कॉर्ड ही पण ग्रुपवर बोलायचीच अ‍ॅप) हे मात्र प्रत्येकजण विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रोजेक्ट बारकाच आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी नोंदवायची आणि तिचा ग्राफ दाखवायचा. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, एवढं तर इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, हायवे बंद, दूध नाही पेट्रोल नाही, त्यातनं बाहेर आल्यावर आम्ही सात जणांनी हे सुरू केलं. आणि सुरू कुठं केलं तर अर्थातच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

इथं नवीन माणसाला पहिला झटका बसतो तो पत्त्याचा. कुणाला रस्ता विचारा, रस्त्याचं नाव कोणी सांगणार नाही, अमक्या तालमीच्या मागं या म्हणणार. आता ती तालीमच ज्याला माहीत नाही त्यानं काय करायचं? मी पहिले सहा महिने नुसता गोल गोल फिरलोय. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पण तसाच झाला होता, नवीन माणसानं काही विचारलं की उत्तर एकच, "मागं बोललोय की ग्रुपवर". आणि त्याला मागचं काही दिसतच नव्हतं, कारण तो आत्ता अ‍ॅड झालाय.

त्याचा हिसका २०२१ च्या जुलैत बसला. पातळी इथं फूट-इंचात सांगतात, आणि मेसेजमध्ये टाकताना मध्ये नुसता पॉइंट देतात, म्हणजे ४२.९ म्हणजे बेचाळीस फूट नऊ इंच. हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलेलं, कोडमध्ये पॉइंटच्या पुढचं इंच म्हणूनच वाचायचं. का ते कुठं लिहिलं नव्हतं, ग्रुपवर बोलणं झालेलं आणि ज्यानं ते समजावून सांगितलेलं तो फोन बदलून बंगळूरला गेलेला. एका नवीन पोरानं ते बघितलं, त्याला वाटलं ही चूक आहे, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं साधं दशांश करून टाकलं. झालं. ऐन पुरात ४२.९ वरून पाणी ४२.११ ला गेलं, म्हणजे दोन इंच चढलं, आणि आमचा ग्राफ म्हणतोय पाणी उतरलं. अर्धा तास तसाच होता. त्या पोराला कोण काही बोललं नाही, बोलणार काय, चूक आमची.

त्यानंतर आम्ही बसून सगळे पर्याय बघितले आणि आमच्या निवडीला हळूहळू एकच प्रश्न उरला, की आज ठरलेलं वर्षानं आलेल्या अनोळखी माणसाला, कुणाला न विचारता, सापडेल का.

स्लॅक हे चॅट अ‍ॅप कंपनीत वापरतोच आपण, सवयीचं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये आधी १०,००० मेसेजची मर्यादा होती आणि २०२२ च्या सप्टेंबरपासनं ९० दिवसांचंच मागचं दिसतं. म्हणजे आषाढातल्या पुरात बोललेलं दिवाळीत शोधायला जावं तर गायब. मोठ्यांना पण हे नडलंय, रिअ‍ॅक्ट हे वेबसाइट बनवायचं साधन वापरणाऱ्यांची रिअ‍ॅक्टिफ्लक्स नावाची कम्युनिटी २०१५ मध्येच स्लॅकवर मावेना म्हणून डिस्कॉर्डला गेली. डिस्कॉर्ड कॉलेजच्या पोरांना लई आवडतंय, गेममुळं सगळ्यांचं अकाउंट तयारच असतं, आणि व्हॉइसवर बसून एकत्र बग शोधायला तर खरंच भारी आहे. पण आत आल्याशिवाय काही दिसत नाही, गुगलला तर काहीच सापडत नाही. म्हणजे परत तालमीच्या मागंच.

आयआरसी ही चॅटची जुनी पद्धत सुचवणारा एक जुना माणूस प्रत्येक ग्रुपात असतो, आमच्यात पण आहे. १९८८ ला फिनलंडमध्ये निघालेलं, हलकं, कुठल्याही खटाऱ्या कॉम्प्युटरवर चालतं. पण साध्या आयआरसीत तुम्ही ऑनलाइन नसताना बोललेलं तुम्हाला मिळत नाही, आणि इथं पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा. शिवाय २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसीच्या मोठ्या नेटवर्कचं जे झालं ते आम्ही ताजं ताजं बघितलेलं. मालकीवरनं भांडण, चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले, लिबेरा चॅट नावाचं नवीन नेटवर्क काढलं, आणि कितीतरी प्रोजेक्टांना वर्षानुवर्षांचं घर सोडून तिकडं जावं लागलं.

मॅट्रिक्स या चॅटच्या व्यवस्थेवर जायचं आमचं जवळपास ठरलेलं. खुलं आहे, स्वतःचा सर्व्हर टाकता येतो, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारं केडीई तिथं आहे, फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०२० मध्ये स्वतःचं आयआरसी बंद करून तेच घेतलं. आणि मग २०२३ च्या मे मध्ये बातमी आली की केंद्र सरकारनं १४ मेसेजिंग अ‍ॅप ब्लॉक केलीत, त्यात एलिमेंटचं नाव. एलिमेंट म्हणजे मॅट्रिक्स नव्हे, ते त्याचं एक अ‍ॅप, दुसरी पण आहेत, पण हे नवीन पोराला पहिल्याच दिवशी कोण समजावत बसणार? त्याच्या घरचे म्हणणार कसल्या भानगडीत पडलायस. सोडला विषय. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

शेवटी झुलिप घेतलं. ते स्वतः ओपन सोर्स आहे, ओपन सोर्स प्रोजेक्टांना त्यांचं होस्टिंग फुकट मिळतं, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवाले वापरतात, लीनमध्ये गणिताच्या सिद्धता लिहिणारे वापरतात. त्यात प्रत्येक बोलण्याला विषयाचं नाव द्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, साधं "जेवला का" टाकायला पण विषय कशाला असं होतं. पण आता "फूट-इंच का दशांश" नावाचा विषय तिथं आहे, त्यात सगळं भांडण आहे, आणि तो चॅनेल वेब-पब्लिक ठेवलाय म्हणजे लॉगिन न करता पण वाचता येतो. पक्का ठरलेला निर्णय मात्र गिटहबच्या, म्हणजे कोड ठेवतो त्या साइटच्या, इश्यूत (नोंदीत) जातो, तो कोडजवळच राहायला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप बंद केलेलं नाही, आणि ते करू पण नका म्हणून मीच अडून बसलो. पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले एक काका रोज सकाळी कसबा बावड्याकडनं फिरून येताना पातळी टाकतात, फोटोसकट. त्यांना झुलिप डाउनलोड करा म्हणणं म्हणजे पातळी टाकायचं थांबवा म्हणणं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, ज्याची पाळी असेल तो उचलून इकडं टाकतो. हे आपोआप करणारा बॉट करता येईल, करू कधीतरी. नवीन लोकांना मात्र त्या ग्रुपात लगेच घेत नाही, तिथं सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, दोन मुलींना त्याचा त्रास झाल्यावर आम्हाला अक्कल आली.

मुलींवरनं आठवलं, इथं बायका पण "मी करतो", "मी आलो" म्हणतात, टाईप पण तसंच करतात. लातूरहून आलेला एकजण महिनाभर एका मेंबरला "भावा भावा" करत होता, भेटल्यावर बघतोय तर ताई. ती आता त्याला मुद्दाम भावा म्हणते. आणि "असं का केलंयस रं हे" असं तुमच्या कोडखाली कोणी लिहिलं तर घाबरू नका, हे ओरडणं नाही, विचारणं आहे. मी पहिल्या वेळी दोन दिवस रुसून बसलो होतो.

पर्सनलला विचारू नका, एवढं मात्र पाळा. इथली माणसं मोठ्या मनाची आहेत, पर्सनलला विचारलं की "ये की चहाला, सांगतो" म्हणतात आणि खरंच तासभर बसून सांगतात. जावा तुम्ही, चहा सोडू नका, पण घरी आल्यावर जे कळलं ते चार ओळीत झुलिपवर टाका, अशुद्ध असलं तरी चालतंय, मराठीत तर टाकाच. आणि डिस्कॉर्डला जाऊया हा प्रस्ताव दरवर्षी कोणीतरी आणतंच, तो पण तिथं विषय म्हणून आहे, आधी वाचा, तुमचा मुद्दा त्यात नसेल तर बिनधास्त लिहा.

रविवारी सकाळी आठला आम्ही रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला भेटतो, नंतर मिसळ. कट झेपत नसेल तर आधीच सांगा, कोण हसणार नाही, म्हणजे हसतील थोडंसं. पाऊस असला तर भेट रद्द, ते झुलिपवर "रविवार" या विषयात सातपर्यंत कळेल.