मुंबई–लंडन विमानप्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुंबई आणि लंडन यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. परंतु केवळ अंतराला विमानाच्या वेगाने भागून प्रवासाचा वेळ ठरवू नये. उंचावरील वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे लंडनला जाताना साधारणपणे मुंबईला परतताना लागतो त्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद असते, तेव्हा वळसा घ्यावा लागून त्यात आणखी भर पडते.

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार छापलेल्या असतात, हे विशेष लक्षात ठेवावे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. त्यामुळे जानेवारीत दुपारी 1 वाजता निघून सायंकाळी 5.30 वाजता पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, तर दहा तासांचा प्रवास करते. वृद्ध आईवडील किंवा मधुमेही प्रवासी सोबत असल्यास जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा याच प्रत्यक्ष तासांवरून आखाव्यात.