बेअरफुट बुटांची सवय पायांना कशी लावावी

नवे बेअरफुट बूट, म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं असे पातळ, सपाट तळाचे बूट, घरी आले त्याच रविवारी मी ते घालून सिंहगड चढलो. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. पोटऱ्यांचे दगड झाले होते. बूट चांगलेच होते, घाई माझी होती.

नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. बेअरफुट बुटात हा फरक शून्य, आणि सोल बहुधा 3 ते 6 मिलिमीटरचा. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर यांना जास्त ताणावं लागतं. इतकी वर्षं उंच टाचेवर आरामात राहिलेल्या पायांना हे काम नवंच.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलं आखा. त्यातल्या मोठ्या पावलाचा आकार कापून बुटातल्या आतल्या सोलवर ठेवा. कागद बाजूने बाहेर आला तर तो बूट तुमचा नाही, कितीही आवडला तरी. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

पहिले दोन आठवडे बूट खोक्यातच राहू द्या. घरात अनवाणी फिरा, रोज 10-15 वेळा सावकाश टाचा उचला. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतं का पाहा. आजीला जमायचं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना जमत नाही. त्यावर मेहनत घ्या.

मग सपाट रस्त्यावर 15 मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. पावलं आखूड टाका. टाच आपटली की डोक्यापर्यंत कळतं, त्यामुळे ही शिकवणी आपोआप होते. पोटऱ्या भरून आल्या तर एक दिवस सुट्टी. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी दुखत राहिलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

डोंगर दोन-तीन महिन्यांनी. तिथे सोलच्या जाडीइतकंच रबरही महत्त्वाचं. आल्प्समध्ये 1935 साली सहा साथीदार गमावल्यावर इटलीच्या विताले ब्रामानीने खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. त्याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या विब्राम कंपनीनेच पुढे पाच बोटांचे बेअरफुट बूटही काढले! खाचा चिखलात कामाला येतात. ओल्या कातळावर मऊ रबर लागतं. सोलवर नख दाबून पाहा, जरा तरी रुतलं पाहिजे. शेवाळावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही. आणि बाभळीचा काटा पातळ सोलमधून सहज आत येतो, तेव्हा नजर वाटेवर ठेवा.

भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर सोलचा डिंक सुटतो.

पहिल्या काही ट्रेकना जुने बूट सॅकला लटकवून न्या. दुसऱ्यांदा सिंहगडावर गेलो तेव्हा घसाऱ्यावरून उतरताना मी मुकाट्याने तेच घातले.