ठाण्याहून मुरबाडकडे जाताना भातशेती कशी पाहावी

पावसाळ्यात कल्याण-माळशेज रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना घाटातले धबधबे गाठायची घाई असते, आणि शहाडचा पूल ओलांडल्यापासून टोकावड्यापर्यंत दुतर्फा पसरलेली भाताची खाचरे तशीच मागे पडतात. ती खरोखर पाहायची असतील, तर सहलीचा दिवस आपल्या सुट्टीवरून न ठरवता पिकावरून ठरवावा.

एप्रिल-मे महिन्यांत शेतकरी राब भाजतात. रोपे करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर देतात आणि ते सावकाश जळू देतात, म्हणजे तणाचे बी मरते आणि माती भुसभुशीत होते. जूनच्या पावसात तिथे बियाणे पेरले जाते आणि सुमारे तीन आठवड्यांनी लावणी सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी चालते. पुढे त्याच खाचरांत जमिनीतल्या ओलाव्यावर वाल येतो, तर पाण्याची सोय असेल तिथे भेंडी आणि काकडी होते. मला विचाराल तर जुलैमधला लावणीचा आठवडा सर्वांत चांगला.

सकाळी सहाच्या आत ठाणे सोडावे. मुरबाडच्या पुढे सरळगावला किन्हवलीकडे वळून शहापूरमार्गे नाशिक महामार्गाने परत यावे. हा आतला रस्ता शेतांच्या अगदी जवळून जातो. गाडी डांबराच्या कडेला उभी करावी. शेताकडे जाणारी वाट अडवू नये, कारण पॉवर टिलर त्याच वाटेने येतो.

शेतात उतरण्यापूर्वी "काका, जरा बघू का?" एवढे तरी विचारावेच. परवानगी मिळाली तरी ओल्या बांधावर पाय देऊ नये. बांध खचला तर खाचरातले पाणी निसटते आणि रोपे उघडी पडतात. लावणी करणाऱ्या बाया चिखलात वाकून, डाव्या हातातल्या मुठीतून दोन-तीन रोपे काढून अंगठ्याने रोवत मागे सरकत जातात. त्यांचा हात चालू असताना प्रश्न विचारणे योग्य नव्हे. न्याहारीला सगळे बांधावर बसले की मात्र मोकळेपणाने बोलता येते. तेव्हा "बियाणं कोणतं?" हा प्रश्न अवश्य विचारावा. जया, रत्ना किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या जातींची नावे ऐकू आली, की पुढची माहिती आपोआप निघते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना रोपाची मुळे हातात धरून पाहू द्यावीत. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

बैल पाहायचे असल्यास पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रेत जावे. तिथला जनावरांचा बाजार मोठा असतो.

परतीच्या वाटेवर रानभाज्या घेऊन बसलेल्या मावश्यांकडून खरेदी करावी आणि घासाघीस करू नये, कारण ती टोपली भरायला पहाटेपासून रान तुडवावे लागते. पावसाच्या तोंडावर शेवळे मिळाली तर सोबत काकडाची आंबट फळेही मागून घ्यावीत. त्यांच्याशिवाय शिजवलेली शेवळे घशाला खाजतात. कापणीनंतर शेतकऱ्याकडून थेट तांदूळ घेणार असाल, तर तो यंदाचा की मागच्या वर्षीचा हे आधी विचारावे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून त्याला पाणी कमी घालावे.